पेजेच्या सात वाट्या

भिवंडी, १० मार्च १९७५

कमळा,

मायना लिहिता लिहिता तीन कागद फाडले. आठ वर्षांनी मुलीला पत्र लिहिताना बापाने काय लिहावं, हे आमच्या मास्तरांनी शिकवलं नव्हतं. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

हे पत्र फाडू नकोस. बातमी चांगली आहे. इतकी चांगली की मला एका जागी बसवत नाही. एक ओळ लिहितो, ओटीवर फेरी मारून येतो, मग दुसरी लिहितो. अक्षर हललेलं दिसेल ते म्हातारपणामुळे नव्हे, त्यामुळे.

आपला हिरामण वाचला, कमळा! आणि कसा वाचला म्हणशील? आजार व्हायच्या आधीच!

जानेवारीत त्याला शौचावाटे रक्त पडू लागलं. धामणकर नाक्यावरच्या कारखान्यात तो लूम चालवतो, खाणंपिणं वेळी-अवेळी; मला वाटलं, उष्णता झाली. (हे खरं नाही. मला काय वाटलं ते पुढे कधीतरी लिहीन.) दुसऱ्याच दिवशी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टर रेगे म्हणून आहेत. उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा कपाळावर सरकवतात आणि मग तो टेबलावर शोधतात. त्यांनी नळी घालून पाहिलं, पांढरं औषध देऊन फोटो काढले आणि एक फोटो खिडकीच्या काचेला लावून मला दाखवला. मोठ्या आतड्यात आतून शेकडो गाठी. द्राक्षांचे बारके घड लगडावेत तशा.

"दाजी, आज या गाठी गरीब आहेत," ते म्हणाले. "पण यातली एखादी बिघडून तिचा कॅन्सर होणार, हे नक्की. पंचेचाळिशीच्या आतच. वर्ष तेवढं सांगता येत नाही. मग आपण वाट कशाला बघायची? मोठं आतडं काढून टाकू, लहान आतडं खाली जोडून देऊ. माणूस जेवतो, कामाला जातो, लग्न करतो."

मी चाळीस वर्षं मिठागरावर मेस्त्री होतो. मला हे एका क्षणात कळलं. बांध कधी घालतात? खाडी शांत असते तेव्हाच. उधाण आत शिरल्यावर माती टाकणारा मेस्त्री काय कामाचा?

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. हिरामण घरी आहे, मटणाचा हट्ट धरतो. दिवसाला चार-पाच खेपा कराव्या लागतात, तर म्हणतो, "बाबा, शेठला सांगून ठेवतो. लूम बंद दिसला की समजायचं, हिरामण दुसऱ्या ड्युटीवर हाय."

आता तुझं. डॉक्टर म्हणतात, हे रक्तातून उतरतं. आई किंवा बाप, एकाकडे असलं की प्रत्येक मुलाला ते मिळण्याचा संभव अर्धा. नाणं उडवावं तसा. "भावंडं किती?" म्हणाले. मी सांगितलं, थोरला पंढरी गेला, धाकटा हा, मधली मुलगी नागपूरला. किती वर्षांनी तुझा उल्लेख माझ्या तोंडून परक्यासमोर निघाला! डॉक्टर म्हणाले, "तिला बोलवा. काही त्रास नसला तरी बोलवा. त्रास नसेल तेव्हाच बोलवण्यात अर्थ आहे."

त्यांनी आपल्या घराण्याचा तक्ताही मांडायला घेतला. बाप्यांना चौकोन, बायांना वर्तुळ. मी जोरात आपल्या सात पिढ्या सांगितल्या. माझा बाप ब्याऐंशीचा, आजा नव्वदीचा, चुलते सगळे काठ्या टेकत गेले. डॉक्टर डोकं खाजवत बसले. त्यांना कुठेच काही सापडेना.

चौथीतलं तुझं स्नेहसंमेलन आठवतं? तू कविता म्हणत होतीस, तिसऱ्या कडव्याला अडलीस आणि हजार माणसांतून नेमकं माझ्याकडे पाहिलंस. मी नुसते ओठ हलवले, आवाज नाही. तू ती ओळ माझ्या ओठांवरून उचललीस आणि पुढे धावत सुटलीस. शेजारी तुझी आई काशी मला कोपराने ढोसत होती, "पोरीपेक्षा तुम्हीच जास्त घामाघूम झालात!"

तसंच एकदा माझ्याकडे बघ. ये.

तुझा बाबा


भिवंडी, ३ एप्रिल १९७५

कमळा,

तुझं कार्ड मिळालं. अडीच ओळी. "पंढरीदादाला गणेशपुरीच्या कुंडात एकवीस दिवस बुडवून ठेवलंत, तेव्हा हे डॉक्टर कुठे होते? मी ठणठणीत आहे. चांगलं पोट कशाला फाडून घेऊ?"

अक्षर अजून तसंच आहे. 'ठ'चं पोट गोल, काशी काढायची तसं.

कुंडाचं आज नको. आज मला अंजूरला काय झालं ते सांगायचंय. सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही!

तुझ्या मामाकडे, केसरीनाथकडे, मुलीची हळद होती. पंढरी गेल्यापासून मी अंजूरची पायरी चढलो नव्हतो. यंदा हिरामण म्हणाला, "चला ना बाबा, मला बघून मामा खूश होईल." गेलो. मांडवात आपली ठकुबाई धवलारीण. आता ऐंशीची असेल. आवाज मात्र तोच, फुटक्या घागरीतून पाणी ओतल्यासारखा. आपल्याकडे हळदीला तिने गाऊन देवांना आणि मग घरच्या गेलेल्यांना आवतन द्यायचं, ही रीत तुला ठाऊकच आहे. पण ठकुबाईची स्वतःची एक पद्धत आहे, ती मी पन्नास वर्षांत कधी नीट पाहिली नव्हती. जो जसा गेला तसं ती त्याचं पान मांडते. खाडीत बुडालेल्याला पाण्याचा तांब्या. म्हातारा होऊन गेलेल्याला विडा. आणि मांडवाच्या मेढीपाशी, त्या पुजलेल्या खांबापाशी, ओळीने पेजेच्या वाट्या.

ती गात होती,

यावा गो तुळजाबाय, मांडवाचे दारी
पेज निवाली तुमची, वाटी पाटावरी

मी गंमत म्हणून वाट्या मोजल्या. सात.

गाणं थांबल्यावर विचारलं, "ठकुबाय, ही पेज कोणाला?"

"सुकून गेल्यांना. शेवटी भात गिलवत नव्हता त्यांना. मंग त्यांच्यापुढं भाताचा डोंगर ठेवून चिडवू काय?"

"सातही याच घरातले?"

"मंग काय शेजारच्या घरातले?" ती बोटांवर मोजू लागली. "चिंधू, तुझे बायकोचा आजा. त्याची बहीण भिकी. चिंधूचा पोऱ्या लडकू, म्हंजे तुझा सासरा. लडकूचा भाव गोमा, बहीण तुळजा. काशी. आनि पंढरी."

पंढरी! माझ्या पंढरीची वाटी, आठ वर्षं अंजूरच्या मांडवात मांडली जातेय आणि मला पत्ता नाही.

"अगं, पण तुळजा तर वसईला दिलेली. भिकीही बाहेर दिलेली. काशी माझ्या घरची, पंढरी तर माझाच मुलगा."

त्यावर ती काय म्हणाली ऐक. "दाजी, लेक दिली म्हून काय तिचा मरान पन दिला? मरान माहेरचाच हाय. म्हून वाटी पन हितंच."

कमळा! मूर्ख मी! डॉक्टरांनी कूळ विचारलं आणि मी बापाकडून बापाकडे चढत गेलो. दिलेल्या लेकी लिहिल्या नाहीत, आणलेल्या सुनांचं माहेर लिहिलं नाही. आपण सगळेच असं मोजतो. तुळजा गेली ती वसईच्या घरच्यांच्या नशिबाने, काशी गेली ती माझ्या नशिबाने. सात माणसं वेगवेगळ्या घरांच्या नावावर मेली, त्यामुळे ओळ कोणाला दिसलीच नाही. एका निरक्षर म्हातारीने ती पाटावर मांडून ठेवली होती, दर लग्नात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर!

मी एक वाटी उचलायला गेलो तर तिने हातावर चापट मारली. "अळनी हाय ती. मेल्याच्या पेजेत मीठ घालत न्हाय. मिठाची चव दावली तं मानूस जात न्हाय, हितंच घुटमलतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मुंबई. डॉक्टर रेगे खुर्चीतून उठले, चष्मा खाली पडला. सात आकृत्या त्यांनी शाईने काळ्या भरल्या आणि गेलेल्या प्रत्येकावर एक तिरकी रेघ मारली. तक्ता समोर धरून मी पाहत राहिलो. शाळेत कवितेच्या ओळीवर लघू-गुरूच्या खुणा करायचो ना, तसा दिसत होता. ठेका कुठून येतो ते एकदम दिसावं तसा. केसरीनाथ साठीचा होऊन ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, त्याला तपासू, पण तो बहुतेक सुटला, आणि तो सुटला तर त्याची मुलंही सुटली.

हिरामणचा चौकोन काळा आहे, पण त्यावर तिरकी रेघ नाही.

तुझ्या वर्तुळात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. त्याच्या खाली एक लहान वर्तुळ, तुझ्या लेकीचं, मैनाचं. सहा वर्षांची झाली ना ती? हिरामणच्या मित्राकडून कळतं मला सगळं.

चांगलं पोट फाडून घे असं मी म्हणत नाही. आधी नळीने बघू दे. काही नसलं तर गाडीभाडं वाया गेलं म्हणून मला शिव्या दे.

बाबा


भिवंडी, २४ एप्रिल १९७५

कमळा,

तुझं पत्र आलं. या वेळी पानभर! मी ते तीनदा वाचलं. हिरामणने एकदा मोठ्याने वाचलं. टेलिफोन ऑफिसात तुला सुपरवायझर केलं हे वाचून शेजारपाजारी साखर वाटली.

इकडे सर्व ठीक. हिरामण सोमवारपासून कामावर जातो. डॉक्टर दर सहा महिन्यांनी खालचा उरलेला भाग नळीने तपासणार आहेत. ऊन फार आहे. आगरात यंदा मीठ छान पडलंय म्हणतात, मोठे मोठे खडे. मी हल्ली संध्याकाळी शाळेच्या कट्ट्यावर बसतो आणि मुलं पाठांतर करतात ते ऐकतो. हल्लीची मुलं चाल सोडून म्हणतात.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात.

बाबा


भिवंडी, २६ एप्रिल १९७५

कमळा,

दोन दिवस तुझं पत्र उशाखाली होतं. तू विचारलंस, "१९६७ साली दादाला कुठल्याही डॉक्टरला दाखवलं होतं का? एवढं एक खरं सांगा. मग येण्याचं बघेन."

दाखवलं होतं.

तुला वाटतं, अडाणी बापाने पोराला कुंडावर नेऊन मारलं. तू घर सोडताना ओटीवर उभी राहून तेच ओरडलीस. मी गप्प राहिलो, कारण तू समजत होतीस तो गुन्हा माझ्या खऱ्या गुन्ह्यापेक्षा हलका होता.

मी पंढरीला मुंबईला नेलं होतं. तुम्हा दोघांना सांगितलं, मिठाच्या कामाने जातोय. तिथल्या डॉक्टरांनी (हे रेगे नव्हेत, दुसरे होते) तपासून मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "उशीर झालाय. पोटभर पसरलंय. कापून उपयोग नाही." आणि मी जिना उतरणार तेवढ्यात मागून म्हणाले, "ह्याची आई कशाने गेली? बाकीच्या दोन मुलांना घेऊन या. हे रक्तातलं असू शकतं."

बाकीची दोन मुलं, कमळा. तू बावीस वर्षांची, हिरामण पंधराचा.

चार दिवसांनी काल्हेरची मंडळी तुला बघायला यायची होती. आपल्यात एकदा 'त्या घरात खोड आहे' असं झालं की पोरीला कोण करतं? मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगेन. मग पंढरी गेला. मग तू गेलीस. मग सांगायला माणूसच समोर नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. हिरामण तर समोरच होता! रोज त्याच्या ताटाकडे बघायचो. तो जेवतोय ना, मग सांगायचं कशाला.

जानेवारीत त्याने रक्ताचं सांगितलं तेव्हा मला उष्णता वाटली नव्हती. मला तो जिना आठवला होता.

कुंडाचंही सांगतो. पंढरीनेच सांगितलं होतं, "बाबा, गरम पाण्यात दुखत न्हाय. मला तिथंच ठेवा." मी त्याला पाठीशी हात देऊन पाण्यात बसवायचो आणि शाळेतल्या कविता म्हणायचो. चौथीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या. एखादी संपली की तो म्हणायचा, "पुढची." एकविसाव्या दिवशी त्याने पुढची मागितली नाही.

काल हिरामणला हे सगळं सांगितलं. तो हात धुवायला उठला होता तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "बाबा, ती आठ वर्षं माझी पन होती." मग बाहेर गेला. सकाळी कामावर जाताना दारातून म्हणाला, "ताईला लिवा. मला सांगितला तसाच लिवा. कवितेबिवितेत गुंडालू नका."

स्नेहसंमेलनात तू अडलीस तेव्हा मी ओठ हलवले होते. खरंच जेव्हा सांगायचं होतं तेव्हा मिटले.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्याशी बोलू नकोस. पण जा आणि तपासून घे. नागपुरातही डॉक्टर असतील. रेग्यांचा तक्ता नकलून सोबत पाठवतोय. सातही नावं आहेत.

दाजी


इस्पितळाचा जिना, ७ जून १९७५

कमळा,

तू वरच्या मजल्यावर आहेस आणि मी खाली जिन्यात. चारशिवाय बायकांच्या वॉर्डात सोडत नाहीत. आत्ता अकरा वाजलेत. पाच तास कसे काढू? म्हणून वॉर्डातल्या आयाबाईंच्या हातून हे पत्र पाठवतोय. पोस्टाचं तिकीट नाही आणि तुझा पत्ता पंचवीस पायऱ्यांवर! एवढ्या जवळ मी तुला कधीच पत्र लिहिलं नव्हतं.

तू मैनाला घेऊन न कळवता दारात उभी राहिलीस त्या दिवसापासून आपण तीन आठवडे एका छपराखाली काढले. तू हिरामणशी बोललीस, डॉक्टरांशी बोललीस, ठकुबाई भेटायला आली तिच्याशी तासभर बोललीस. माझ्याशी नाही. मी तसं लिहिलंच होतं, तेव्हा तक्रार नाही. मैना बोलत होती ना माझ्याशी. तिला दोन कविता शिकवल्यात. चालीसकट.

नळी घातल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि चष्मा पुसत राहिले, तेव्हाच मला कळलं. तुझ्यातही गाठी. हिरामणपेक्षा जास्त. तू मात्र सरळ विचारलंस, "सुट्टी किती दिवसांची टाकू?"

आणि आता ऐक! आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी, डॉक्टर रेगे स्वतः खाली आले. तुझ्या काढलेल्या आतड्याचा तपासणीचा कागद आला. बारकाईने पाहिलं त्यांनी. तीन गाठी बिघडण्याच्या वळणावर होत्या. म्हणाले, वर्ष, फार तर दोन. पण बिघडलेली एकही नाही. एकही नाही, कमळा! आपण उधाणाच्या आधी पोचलो. मी डॉक्टरांना मिठी मारली. एवढा उंच माणूस, माझं डोकं त्यांच्या खिशापर्यंत. त्यांच्या खिशातला थर्मामीटर मोडला. म्हणाले, "दाजी, राहू द्या, सरकारी आहे."

त्यांनी तक्ता काढून माझ्याच समोर पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि तुझं वर्तुळ काळं भरलं. तिरकी रेघ मारली नाही. मैनाच्या वर्तुळाशी बारीक अक्षरात '१९८२' लिहिलं. ती तेरा वर्षांची होईल तेव्हा बघायचं. तोवर मी नसेन कदाचित. म्हणून मी सातही नावांची आणि सगळ्या लेकी-सुनांच्या माहेरांची वही केलीय, ती हिरामणकडे आहे. ती मैनाची. त्यात लपवलेलं काही नाही.

आता मुख्य काम.

काल, ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी, तुला पहिल्यांदा तोंडाने खायला दिलं. मी पलंगाजवळ उभा होतो. सिस्टरने वाटी पुढे केली आणि मला एकदम अंजूरची मेढ दिसली. पेज! पातळ, पांढरी. तू एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस, आणि माझ्याकडे, बघ, माझ्याकडे वळून म्हणालीस,

"बाबा, अळणी आहे."

आठ वर्षांनी पहिला शब्द.

चाळीस वर्षं मिठात काढलेला माणूस मी, आणि माझ्या खिशात चिमूटभर मीठ नव्हतं! उरलेली पेज तू तशीच ठेवलीस. मी भिवंडीची गाडी पकडली, आणि आज पहिल्या गाडीने परत आलो. डॉक्टरांना विचारलंय. म्हणाले, "घाला, आता मिठाची गरजच आहे तिला."

सोबत पुडी आहे. आपल्याच आगरातलं, यंदाचं, मी स्वतः कुटून बारीक केलेलं. आयाबाई दहा वाजताची पेज गरम करून आणतायत. मीठ घाल, नीट ढवळ.

ठकुबाईच्या पेजेची वाटी आजवर कोणी रिकामी केलेली मी पाहिली नाही. तू कर. रिकामी वाटी आयाबाईंच्या हाती खाली पाठव. मी जिन्यातच आहे.

बाबा